क्षयप्रतिकाराची खूण : तिरुक्करुगावूर, चिंगलपेट, पुणे

कुंभकोणमच्या परिसरात, वेट्टारु नदीच्या काठी तिरुक्करुगावूर हे छोटे गाव आहे. तमिळमध्ये 'करु' म्हणजे गर्भ, 'का' म्हणजे राखणे आणि 'ऊर' म्हणजे गाव. येथील गर्भरक्षाम्बिगै देवीच्या दर्शनाला गर्भवती स्त्रिया आणि अपत्याची आस असलेली दांपत्ये दूरदूरहून येतात. हा सगळा मुलूख 1676 पासून 1855 पर्यंत तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यात होता. त्यामुळे मराठी वाचकाला तो अगदीच परका नाही. या लेखाचा विषय मात्र क्षयाचा प्रतिकार हा आहे. शरीरातील प्रतिकारपेशी 'जाग्या' झाल्या आहेत हे ओळखण्याच्या ज्या खुणा विज्ञानाने गेल्या सव्वाशे वर्षांत शोधल्या, त्या नेमके काय सांगतात हा त्यातला प्रश्न. त्याच्या इतिहासात हा तमिळ प्रदेश आणि आपले पुणे वारंवार भेटतात. गर्भाची राखण कशी होते हा प्रश्नही या इतिहासाला एका वळणावर गाठतो.

सुरुवात कुंभकोणमच्या सर्वांत प्रसिद्ध रहिवाशापासून करू. श्रीनिवास रामानुजन 1917 च्या वसंतात केंब्रिजमध्ये आजारी पडले. जठरव्रण, कर्करोग, रक्तदोष असे अनेक तर्क झाले आणि अखेर क्षयाचे निदान स्थिरावले. त्यांना इंग्लंडातील आरोग्यधामांत ठेवण्यात आले. 1919 मध्ये ते भारतात परतले, काही काळ कोडुमुडी आणि कुंभकोणम येथे राहिले आणि 26 एप्रिल 1920 रोजी मद्रासमध्ये त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे बत्तीस. पुढे 1994 मध्ये डी. ए. बी. यंग या इंग्रज अभ्यासकाने उपलब्ध नोंदी तपासून असे मत मांडले की रामानुजन यांना क्षय नसून यकृतातील अमीबाजन्य विकार असावा, आणि तो त्या काळीही बरा होण्याजोगा होता. हे मत सर्वमान्य आहे असे नाही. पण असा वाद उभा राहू शकतो, यातच त्या काळाची अडचण दिसते. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजीच जाहीर केला होता. थुंकीत तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसला तर निदान पक्के, नाही दिसला तर तापाचा तक्ता, छातीचा ठोका आणि डॉक्टरांचा अंदाज. शरीर त्या जंतूशी लढत आहे की नाही, हे वाचण्याचे एकच साधन हाती होते. ते साधन म्हणजे रुग्णाची त्वचा.

त्या साधनाचा जन्म एका अपयशातून झाला. 1890 मध्ये कॉख यांनी क्षयजंतूंच्या अर्कातून केलेले 'ट्युबरक्युलिन' हे औषध म्हणून जगापुढे ठेवले. औषध म्हणून ते फसले आणि कित्येक रुग्ण अधिकच बिघडले. पण एक गोष्ट लक्षात राहिली. ज्यांच्या शरीराची क्षयजंतूशी आधी गाठ पडली आहे, त्यांच्यात या अर्काने तीव्र प्रतिक्रिया उमटते. व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी 1907 मध्ये त्वचेवर ओरखडा काढून, आणि फ्रान्सच्या शार्ल मांटू यांनी 1908 मध्ये त्वचेत सुई टोचून, या प्रतिक्रियेची चाचणी बनवली. दोन-तीन दिवसांनी हातावर उठलेली कठीण गाठ मिलिमीटरमध्ये मोजायची. आजही आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत हीच चाचणी होते.

ही गाठ कशाने उठते, हे कळायला आणखी चार दशके लागली. 1945 मध्ये मेरिल चेस यांनी दाखवले की संवेदनशील गिनीपिगाचा रक्तद्रव दुसऱ्याला टोचला तर ही प्रतिक्रिया संक्रमित होत नाही, मात्र त्याच्या पांढऱ्या पेशी टोचल्या तर होते. म्हणजे त्वचेवरची ती गाठ ही सक्रिय झालेल्या पेशींची जमलेली गर्दी होती. आजच्या भाषेत सांगायचे तर मांटू चाचणी हे प्रतिकारपेशींच्या सक्रियतेचे पहिले मापक होते. प्रयोगशाळा म्हणजे रुग्णाचा हात, आणि उपकरण म्हणजे एक पट्टी.

येथे मला माझ्या विषयाची, भौतिकशास्त्राची, एक सवय उपयोगी पडते. एखादी राशी आपल्याला मोजता येते, म्हणून तीच आपल्याला हवी असलेली राशी आहे असे होत नाही. तापमापी तापमान दाखवते, वस्तूत साठलेली एकूण उष्णता नव्हे. विद्यार्थ्यांना हे पहिल्या वर्षीच शिकवले जाते. क्षयाच्या बाबतीत मात्र 'सक्रियता' आणि 'संरक्षण' यांच्यात हीच गल्लत पिढ्यान्‌पिढ्या होत राहिली. ती करणारे लोक निष्काळजी नव्हते. त्यांच्यापुढे बऱ्यापैकी सबळ पुरावा होता. 1920 च्या दशकात ऑस्लो येथे योहानेस हाइमबेक यांनी रुग्णालयात शिकायला येणाऱ्या तरुण परिचारिकांची चाचणी घेतली. ज्यांच्या हातावर गाठ उठत नव्हती, त्यांच्यात पुढे क्षय खूप अधिक झाला, आणि ज्यांच्या हातावर आधीच उठत होती त्या बहुतांशी सुरक्षित राहिल्या. मग सरळ तर्क असा की लस टोचून गाठ 'आणली' की संरक्षणही येईल. आल्बेर कालमेत आणि कामिय गेरँ यांची बीसीजी लस 1921 पासून वापरात आली होती. लस 'लागली' हे ओळखण्याची खूण म्हणून ट्युबरक्युलिनची गाठच वापरली जाऊ लागली.

त्याच काळातील एक करुण प्रसंग येथे नोंदवला पाहिजे. 1930 च्या सुमारास जर्मनीतील ल्युबेक शहरात नवजात बालकांना पाजलेल्या बीसीजीमध्ये चुकून खरे, रोगकारक क्षयजंतू मिसळले गेले. अडीचशेच्या आसपास बालकांना ती लस मिळाली आणि सत्तराहून अधिक दगावली. पण उरलेली बहुतांश बालके, आजारी पडूनसुद्धा, औषधांवाचून बरी झाली. विषाची मात्रा सर्वांना सारखी नव्हती हे खरे. तरीही मानवी शरीरात क्षयाचा प्रतिकार करण्याची किती क्षमता असते आणि ती माणसागणिक किती बदलते, याचा इतका क्रूर पुरावा दुसरा नाही. आपल्याकडे 1887 मध्ये पुण्यात डॉ. आनंदीबाई जोशी एकविसाव्या वर्षी क्षयाने गेल्या. पण क्षयरुग्णाच्या घरात, त्याच हवेत राहणारी सगळीच माणसे त्या रोगाने जात नाहीत. हा फरक कशाने पडतो, हाच या साऱ्या संशोधनाच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

स्वतंत्र भारताने बीसीजीची मोहीम 1948 मध्ये सुरू केली. मद्रासजवळ गिंडी येथे लसनिर्मितीची प्रयोगशाळा उभी राहिली. तमिळ प्रदेशात तिला विरोधही झाला. 1955 मध्ये चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी या लसीविरुद्ध जाहीर भूमिका घेतली. त्यांचे सगळेच आक्षेप शास्त्रीय कसोटीला उतरणारे नव्हते. पण 'भारतीय माणसात ही लस उपयोगी पडते याचा पुरावा भारतातून कुठे आहे?' हा प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर तेव्हा कुणाकडेच नव्हते.

त्याच मद्रासमध्ये 1956 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना, ब्रिटिश मेडिकल रिसर्च कौन्सिल आणि मद्रास सरकार यांनी मिळून क्षयावरील औषधोपचारांचे संशोधन केंद्र उघडले. आजची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था ती हीच. तिच्या पहिल्याच अभ्यासाने, 1959 मध्ये, जगाची उपचारपद्धती बदलली. दाट वस्तीत, अपुऱ्या आहारावर, घरीच राहून गोळ्या घेणारे गरीब रुग्ण आरोग्यधामातल्या रुग्णांइतकेच बरे होतात, हे तिने दाखवले. रुग्ण घरात राहिल्याने कुटुंबीयांना अधिक लागण होते असेही आढळले नाही. ज्यांना जंतूची बाधा व्हायची होती, त्यांना ती निदानापूर्वीच झालेली होती. त्यांच्यातले काही आजारी पडले, बहुतेक पडले नाहीत.

आणि मग चिंगलपेट. 1968 ते 1971 या काळात मद्रासच्या पश्चिमेकडील गावांमध्ये, आज तिरुवल्लूर जिल्ह्यात मोडणाऱ्या बऱ्याच भागात, बीसीजीची जगातील सर्वांत मोठी चाचणी झाली. सुमारे 2,80,000 लोकांना चिठ्ठ्या टाकल्यासारख्या यादृच्छिक पद्धतीने फ्रेंच वाणाची लस, डॅनिश वाणाची लस किंवा निष्क्रिय द्रव टोचण्यात आला. कुणाला काय मिळाले हे टोचणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. लस टोचल्यानंतर अडीच महिन्यांनी तपासले तेव्हा त्वचेवरच्या गाठी व्यवस्थित उठलेल्या होत्या. मापक समाधानकारक आकडे दाखवत होते. साडेसात वर्षांच्या पाठपुराव्याचा निष्कर्ष 1979 मध्ये जाहीर झाला. प्रौढांतील फुफ्फुसाच्या क्षयापासून संरक्षण शून्य. पंधरा वर्षांचा पाठपुरावा 1999 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही चित्र बदलले नाही. मुलांमध्ये थोडेसे संरक्षण दिसले, इतकेच. ब्रिटनमधील शाळकरी मुलांच्या चाचणीत याच लसीने पाऊण हिश्शाहून अधिक संरक्षण दिले होते, हे लक्षात घेतले की धक्क्याची तीव्रता कळते.

कारणे अनेक सुचवली गेली. उष्ण प्रदेशांच्या मातीपाण्यात क्षयजंतूचे निरुपद्रवी भाऊबंद मुबलक असतात, त्यांनी लोकांच्या पेशी आधीच अर्धवट शिकवून ठेवल्या असाव्यात. दक्षिण भारतातील क्षयजंतूंचे काही वाण गिनीपिगांत कमी उग्र आढळले होते, तेही कारण असेल. पुन्हापुन्हा बाहेरून होणारी बाधा हेही एक. यांतले पहिले कारण मला सर्वांत पटते, पण एकट्याने ते पुरेसे नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गाठ आणि संरक्षण यांची फारकत ब्रिटनमध्येसुद्धा आधीच दिसून गेली होती. 1967 मध्ये त्या यशस्वी चाचणीच्या संशोधकांनीच नोंदवले होते की लस घेतलेल्यांपैकी ज्यांची गाठ मोठी उठली ते, छोटी उठलेल्यांपेक्षा अधिक सुरक्षित होते असे नाही. जेथे लस काम करत होती तेथेही मापक तिचे काम मोजत नव्हते. हा निष्कर्ष वाचला गेला, उद्धृत झाला, आणि मांटूची पट्टी पूर्वीसारखीच फिरत राहिली.

पेशींकडे थेट पाहण्याचे साधन मात्र याच सुमारास आकाराला येत होते. स्टॅनफर्डमध्ये लेनर्ड हर्झनबर्ग यांच्या गटाने पेशींना एकेक करून लेझरच्या किरणासमोरून नेणारे यंत्र तयार केले. 1975 मध्ये क्योलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच लक्ष्याला चिकटणारी मोनोक्लोनल प्रतिपिंडे बनवण्याची पद्धत शोधली. या दोहोंच्या संगमातून फ्लो सायटोमेट्री हे तंत्र प्रौढ झाले. पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिनांना चमकणारी प्रतिपिंडे चिकटवायची आणि लेझरच्या प्रकाशात कोणती पेशी कोणत्या रंगाने चमकते ते मोजायचे. 1982 पासून या प्रथिनांना सीडी क्रमांक देण्याची पद्धत सुरू झाली. टी-पेशी जागी झाली की काही तासांतच सीडी-69 दिसू लागते, साधारण दिवसाभरात सीडी-25, आणि काही दिवसांनी सीडी-38 व एचएलए-डीआर. म्हणजे या खुणा घड्याळासारख्याही आहेत. एचएलए-डीआर दाखवणारी पेशी 'मी अलीकडेच लढले आहे, किंवा अजून लढते आहे' असे सांगत असते. कुणाशी, हे सांगत नाही.

हा शेवटचा मुद्दा 2016 मध्ये ठळकपणे पुढे आला. दक्षिण आफ्रिकेत एमव्हीए85ए या नव्या लसीची चाचणी 2,797 बालकांवर झाली होती आणि 2013 मध्ये ती अपयशी ठरली होती. हेलन फ्लेचर आणि सहकाऱ्यांनी त्या बालकांचे साठवलेले रक्त पुन्हा काढले. ज्यांना पुढे क्षय झाला आणि ज्यांना झाला नाही त्यांच्या पेशींत आधीपासूनच काही फरक होता का, हे त्यांना पाहायचे होते. फरक होता. ज्यांच्या रक्तात एचएलए-डीआर दाखवणाऱ्या, म्हणजे सक्रिय, सीडी-4 टी-पेशींचे प्रमाण अधिक, त्यांना क्षयाचा धोका अधिक. आधीच क्षयबाधा झालेल्या किशोरवयीनांच्या एका स्वतंत्र गटातही हेच आढळले. उलट बीसीजीला ओळखून इंटरफेरॉन-गॅमा स्रवणाऱ्या पेशी अधिक असतील तर धोका कमी. वाचकांनी येथे थोडे थांबावे. आपण सहज म्हणतो, 'प्रतिकारशक्ती वाढवा'. या बालकांमध्ये सर्वसाधारण सक्रियता जास्त असणे हेच धोक्याचे लक्षण ठरले. ती कशामुळे वाढली होती? सायटोमेगालो विषाणूची लवकर झालेली बाधा हा एक संशयित आहे, आणि त्याच चमूंच्या नंतरच्या कामात त्या विषाणूचा क्षयाच्या धोक्याशी संबंधही दिसला. पण सक्रियता स्वतः रोगाला वाट करून देते, की ती केवळ आणखी कशाची तरी सावली आहे, हा प्रश्न मिटलेला नाही.

अतिसक्रियता घातक ठरू शकते याला अन्य आधार मात्र आहे. टी-पेशींना आवर घालणारे पीडी-1 हे प्रथिन नसलेले उंदीर क्षयाने लवकर मरतात, आणि 2021 मध्ये जन्मतःच पीडी-1 नसलेल्या एका मुलालाही क्षय झाल्याचे प्रसिद्ध झाले. दुसऱ्या टोकाला, इंटरफेरॉन-गॅमाचा ग्राहक जन्मतः सदोष असलेल्या मुलांना, 1996 मध्ये दोन गटांनी दाखवल्याप्रमाणे, साधे दुर्बल जंतूही प्राणघातक ठरतात. लगाम हवा आणि टाचही हवी. किती, कुठे आणि केव्हा, हे एका नळीभर रक्तातून वाचणे अवघड आहे, कारण लढाई फुफ्फुसात चाललेली असते आणि आपण रस्त्यावरून जाणारे सैनिक मोजत असतो.

आता गर्भाच्या राखणीकडे येऊ. गर्भ हा आईच्या दृष्टीने अर्धा परका असतो. त्याला नाकारले जाऊ नये म्हणून गर्भारपणात आईच्या शरीरातील काही प्रतिकारक्रिया आवरत्या घेतल्या जातात, आणि त्यांत क्षयाविरुद्ध कामी येणाऱ्या इंटरफेरॉन-गॅमाच्या वाटेचाही समावेश होतो. प्रसूतीनंतर हा आवर सुटतो. ब्रिटनमधील वैद्यकीय नोंदींच्या 2012 च्या एका मोठ्या अभ्यासात प्रसूतीनंतरच्या सहा महिन्यांत क्षयाचे प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळले. त्याआधीच, 2002 ते 2005 या काळात, पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या सहकार्याने एचआयव्हीबाधित मातांचा पाठपुरावा झाला होता. प्रसूतीनंतर 715 मातांपैकी 24 जणींना क्षय झाला, म्हणजे दर शंभर व्यक्तिवर्षांमागे 5. अशा मातांचे आणि त्यांच्या बाळांचे मृत्यूही अधिक झाले.

तेथेच पुढे केलेल्या एका अभ्यासाचा आकडा मला या सगळ्या इतिहासाचा अर्क वाटतो. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात एचआयव्ही नसलेल्या 401 गर्भवतींची दोन चाचण्यांनी तपासणी झाली. रक्तातील इंटरफेरॉन-गॅमाच्या चाचणीत 37 टक्के स्त्रिया क्षयबाधित ठरल्या. त्याच स्त्रियांपैकी त्वचेच्या चाचणीत ठरल्या फक्त 14 टक्के. जंतू तोच, स्त्रिया त्याच, महाविद्यालय तेच. बदलले ते मापक. गर्भारपणात आवरत्या घेतलेल्या पेशी त्वचेवर गर्दी करायला येत नाहीत आणि शतकभर वापरलेली पट्टी जवळजवळ आंधळी होते. 'मग सर्व बाधित गर्भवतींना प्रतिबंधक औषध देऊन टाका' हा सोपा उपायही तपासला गेला. पुण्यासह आठ देशांत 956 एचआयव्हीबाधित स्त्रियांवर झालेल्या, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गर्भारपणातच आयसोनियाझिड सुरू केलेल्यांमध्ये गर्भावर झालेले अनिष्ट परिणाम 23.6 टक्के, तर प्रसूतीनंतर सुरू केलेल्यांमध्ये 17.0 टक्के आढळले.

दरम्यान, ज्यांच्यात क्षयबाधेची नेहमीची खूण दिसतच नाही अशा माणसांचाही शोध लागला आहे. युगांडातील कंपाला येथे क्षयरुग्णांच्या निकट सहवासात वर्षानुवर्षे राहूनही ज्यांच्या त्वचेची आणि रक्ताची चाचणी नकारात्मकच राहते, अशा व्यक्तींच्या पेशी 2019 मध्ये बारकाईने तपासल्या गेल्या. त्यांना जंतू भेटलाच नसेल, ही शंका फिटली. त्यांच्या रक्तात क्षयजंतूविरुद्ध प्रतिपिंडे होती, आणि त्यांच्या टी-पेशी क्षयजंतूची प्रथिने ओळखून सीडी-40 लायगँड ही सक्रियतेची खूण दाखवत होत्या. फक्त त्या इंटरफेरॉन-गॅमा स्रवत नव्हत्या, म्हणून आपल्या नेहमीच्या चाचणीला त्या दिसत नव्हत्या.

हे सारे आज पुन्हा का आठवायचे? भारतात 2024 पासून महाराष्ट्रासह अनेक राज्यांत प्रौढांना बीसीजी देण्याचा उपक्रम अभ्यास म्हणून सुरू झाला आहे. जोखमीच्या गटांत क्षय खरोखर कमी होतो का, हे त्यातून पाहायचे आहे. दक्षिण आफ्रिकेत 2018 मध्ये बीसीजीच्या दुसऱ्या मात्रेने टिकाऊ क्षयबाधा 45 टक्क्यांनी घटल्याचे दिसले होते आणि मोठी आशा निर्माण झाली होती. 1,836 किशोरवयीनांवर झालेल्या पुढच्या चाचणीचा निकाल 2025 मध्ये आला, त्यात ही घट उरली नाही. दोन्ही वेळा 'बाधा' ठरवली ती इंटरफेरॉन-गॅमाच्या चाचणीने. आपल्याकडे मोजायचा आहे तो रोगच, आणि ते योग्य आहे. त्याला वेळ लागतो, माणसे गावोगाव फिरवावी लागतात, पण चिंगलपेटच्या संशोधकांनीही शेवटी तेच केले आणि म्हणूनच त्यांचा निकाल आजवर टिकला. त्यांना जे शक्य नव्हते ते मात्र आता शक्य आहे. त्या 2,80,000 माणसांच्या पेशी गोठवून ठेवण्याची सोय त्यांच्याकडे नव्हती. आज काही हजार जणांच्या पेशी द्रव नायट्रोजनमध्ये ठेवता येतात आणि दहा वर्षांनी, कोण आजारी पडले हे कळल्यावर, उघडून पाहता येतात.

आहाराचा उल्लेख राहिला, तो टाळता येणार नाही. झारखंडमध्ये 10,345 कुटुंबीयांवर झालेल्या, 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राशन्स चाचणीत क्षयरुग्णांच्या घरच्यांना पोषक शिधा दिल्याने क्षयाचे नवे रुग्ण 39 टक्क्यांनी कमी झाले. पृष्ठभागावरील कोणत्याही खुणेने एवढे संरक्षण अजून कुणाला दिलेले नाही.

नवजात बाळाला डाव्या दंडावर बीसीजी टोचतात त्या दिवशी त्याची आई तिच्या सर्वांत जोखमीच्या सहा महिन्यांच्या पहिल्या आठवड्यात असते. तिचा खोकला, ताप आणि घटलेले वजन विचारायला त्याच खाटेपाशी मिनिटभर पुरते, आणि त्यासाठी लेझर लागत नाही.